मोडलेले मनगट: प्लास्टर की प्लेट?

न्हाणीघरात पाय घसरतो, तोल सावरायला टेकवलेल्या हातावर सगळा भार येतो आणि मनगट मोडते. (बांगड्या आणि अंगठी तेव्हाच काढाव्यात, सूज चढली की कापाव्या लागतात.)

हाड जागेवर असेल, तर प्लास्टर पुरते. ते सरकले असेल, तेव्हाच खरी निवड करावी लागते. प्लास्टरसाठी हात बधिर करून हाड ओढून बसवतात आणि प्लास्टर पाच-सहा आठवडे ठेवतात. परंतु ठिसूळ हाड पुन्हा सरकू शकते, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत एक्स-रे परत काढावा लागतो. शस्त्रक्रिया करून हाडाला स्क्रूंनी धातूची प्लेट बसवल्यास हाड जागेवर राहते, मनगट लवकर हलवता येते आणि सुरुवातीचे काही महिने पकडही अधिक चांगली असते; मात्र भूल, खर्च, जंतुसंसर्ग आणि क्वचित प्लेटवर घासून अंगठ्याची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) तुटणे, हे धोके पत्करावे लागतात.

पासष्टीपुढील रुग्णांवरील चाचण्यांत, प्लास्टर घातलेल्यांचे हाड एक्स-रेमध्ये वाकडे दिसत असूनही, वर्षअखेरीस प्लास्टर आणि प्लेट या दोन्ही गटांच्या हाताच्या कामात फारसा फरक आढळलेला नाही. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी मनगटाच्या अशाच मोडीबद्दल १८१४ मध्ये, एक्स-रे नसतानाच, लिहिले होते की व्यंग कायम राहते, पण कालांतराने हात दुखेनासा होतो आणि मोकळा हलतो. त्यामुळे केवळ एक्स-रे सरळ दिसावा म्हणून सत्तरीच्या बाईवर शस्त्रक्रिया करणे मला पटत नाही. हाताशी माणूस असेल आणि मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर प्लास्टर बरे. एकटीने राहून कुकरचे झाकण स्वतःच उघडणाऱ्या किंवा त्याच हातात काठी धरणाऱ्या बाईला प्लेटचा उपयोग अधिक. जखम उघडी असेल किंवा बोटांची बधिरता वाढत असेल, तर मात्र थांबून चालत नाही.

दोन्ही उपचारांत बोटे पहिल्या दिवसापासून हलवावीत. आणि उभ्याने पडून मोडलेले मनगट हा अस्थिविरळतेचा, म्हणजे हाडे विरळ आणि ठिसूळ झाल्याचा व पुढे खुबा किंवा मणकाही मोडण्याचा इशारा असतो, तरीही प्लास्टर निघाले की घरचे निश्चिंत होतात. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास औषध सुचवतात: अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहाही न पिता अर्धा तास ताठ बसायचे. ज्यांना हे जमत नाही किंवा अन्ननलिकेचा त्रास आहे, त्यांच्यासाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचे वर्षातून एकदा दिले जाणारे सलाईन आहे. त्याआधी मूत्रपिंड आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे.