तरंगतं शहर वसवायचंय, शुक्रावर की शनीवर?

दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायला घेतलीय आणि तरंगतं शहर कुठल्या ग्रहावर ठेवू, असं विचारणारी आपल्या जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं-पोरी आहेत, म्हणून सरळच सांगतो, पहिलीच कथा असेल तर शुक्र घ्या.

शुक्राच्या जमिनीवर ४६५ अंशांच्या आसपास तापमान आणि पृथ्वीच्या ९० पट दाब, तिथे काहीच टिकत नाही. पण वर ५० किमीला साधारण ७५ अंश आणि ५५ किमीला २७ च्या आसपास, म्हणजे मधे कुठेतरी भुसावळचा मे महिना लागतोच, आणि दाबही आपल्याला झेपेल असा. त्यात तिथलं वातावरण ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे आपण श्वासात घेतो ती साधी हवाच तिथे हलकी पडते, ती भरली की फुगा तरंगतो आणि माणसं त्या फुग्याच्या आतच राहू शकतात! फुग्याला भोक पडलं तरी आत-बाहेर दाब जवळपास सारखाच, त्यामुळे तो फाटकन फुटत नाही, हवा हळूहळू झिरपते, ठिगळ लावायला वेळ मिळतो. आणि हे नुसतं कागदावर नाहीये, १९८५ मधे सोव्हिएत वेगा मोहिमेचे दोन फुगे ५४ किमीच्या आसपास तरंगत जवळजवळ दोन दिवस माहिती पाठवत होते.

त्रास आहेच. ढग सल्फ्युरिक ॲसिडचे, त्यामुळे बाहेरून टेफ्लॉनसारखा थर हवा. वारा इतका जोरात की शहर साधारण चार दिवसांत ग्रहाला फेरी मारतं. रावेर-यावलचा माणूस तिथे केळी लावेल, कार्बन डायऑक्साइड भरपूर आहे, पण पाणी त्या ॲसिडच्या थेंबांतूनच काढावं लागेल. माझ्या मते कथा इथेच आहे, पाण्यावरून भांडणं कशी होतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता शनी. वजन जवळपास पृथ्वीइतकंच भरतं म्हणून मोह होतो, पण हवा सगळी हायड्रोजन आणि हेलियमची, त्याहून हलकं भरणार काय? हायड्रोजनच तापवून भरायचा आणि तापवतच ठेवायचा, बाहेर उणे १४० अंश, ऊन पृथ्वीच्या शंभराव्या हिश्शाएवढं, म्हणजे अणुभट्टीशिवाय गत्यंतर नाही आणि ती बंद पडली की शहर खाली. परत निघायचं तरी मुक्तिवेग, म्हणजे ग्रहाच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला ३५ किमीच्या वर, शुक्रावर तो १०.४ आहे.

गुरू तर सोडाच, तिथे ६० किलोचा माणूस १५० किलोचा होतो.

तरी सुटका नसलेल्या माणसांची कथा डोक्यात असेल तर शनीच घ्या, फक्त अणुभट्टीची चावी कोणाकडे आहे ते पहिल्या पानाआधी ठरवा, बाकीची पात्रं मग सुचतील.