डिजिटल युरोप की इरॅस्मस मुंडुस?

प्रगत डिजिटल कौशल्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभारू पाहणाऱ्या युरोपीय विद्यापीठांपुढे युरोपीय संघाच्या निधीचे दोन मार्ग आहेत. २०२१ ते २०२७ या काळासाठीच्या डिजिटल युरोप कार्यक्रमात पैसा प्रामुख्याने अभ्यासक्रमाची घडण, अध्यापक व साधनसामग्री यांसाठी मिळतो. कृत्रिम बुद्धिमत्ता, सायबरसुरक्षा, महासंगणन अशा विषयांत विद्यापीठांनी उद्योग आणि संशोधन संस्थांना सोबत घ्यावे, अशी त्यात अपेक्षा असते. मात्र अनुदान साधारणतः खर्चाच्या निम्मेच असल्यामुळे उरलेला निम्मा भार संस्थांनाच पेलावा लागतो, आणि लहान विद्यापीठांची खरी अडचण, माझ्या मते, इथेच होते.

दुसरा मार्ग म्हणजे इरॅस्मस मुंडुस ही संयुक्त पदव्युत्तर पदव्यांची योजना; तिचा भर विद्यार्थ्यावर आहे. किमान तीन देशांतील तीन संस्थांनी मिळून चालवलेल्या या संयुक्त पदव्यांत निवडक विद्यार्थ्यांना दरमहा १,४०० युरोंची शिष्यवृत्ती मिळते व ती जगभरातील अर्जदारांना खुली असते. भारतीय विद्यार्थ्यांना, अर्थात मराठी मुलामुलींनाही, ती म्हणूनच जवळची वाटते. विषयाचे बंधन नसल्याने डिजिटल अभ्यासक्रमांना तेथे इतर साऱ्या विद्याशाखांशी स्पर्धा करावी लागते. प्रयोगशाळा व उद्योगांशी करार आधीच असतील, तर मुंडुस पुरेसा ठरावा. ते नव्याने उभारायचे असतील, तर निम्म्या खर्चाची तयारी ठेवून पहिलाच मार्ग धरणे अधिक योग्य.