‘सिंगल शॉट’ म्हणून जोडकाम विकतात, प्रिंट घेणाऱ्यांनी वाचा

रात्रीच्या आकाशाचे, प्राण्यांचे वगैरे भन्नाट फोटो प्रिंट करून विकणारे ऑनलाइन भरपूर आहेत, त्यातले कितीतरी प्रामाणिकही आहेत, पण मला जो भेटला तो नव्हता. त्याने विकलेली प्रिंट अशी: खाली तळं, मागे बर्फाचा डोंगर, त्यावर आकाशगंगेची अख्खी कमान आणि बरोब्बर शिखरावर भलीमोठी चंद्रकोर. जाहिरातीत लिहिलेलं, ‘सिंगल शॉट, नो एडिटिंग, लिमिटेड एडिशन’, म्हणजे एकाच क्लिकमध्ये काढलेला, वेगवेगळे फोटो जोडून केलेला नव्हे. वर सहीचं सर्टिफिकेट. मोबाईलवर तो फोटो एवढुसा दिसतो आणि डिटेल बघायला झूम करावं तर साइटवर मुद्दाम फाइलच छोटी टाकलेली, हे सगळ्यात आधी लक्षात ठेवा.

मोठी प्रिंट हातात आल्यावर पहिला दिसला तो तारा. कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये, चंद्राचा अंधारातला भाग जिथे असतो तिथे, एक ठसठशीत तारा चमकतोय. अहो पण चंद्राचा गोळा तिथे पूर्णच असतो ना, फक्त उजेड एका कडेवर पडलेला असतो, मग मागचा तारा चंद्राच्या आरपार दिसतोय की काय! मग कोरीची दिशा बघितली. उजळ बाजू वरच्या अंगाला आणि टोकं जमिनीकडे. उजळ बाजू सूर्याकडे असते, आणि इतकी बारीक कोर असेल तर सूर्य जवळच असणार, म्हणजे या फोटोप्रमाणे सूर्य चंद्राच्या वर, भर रात्री, आकाशगंगेच्या मधोमध. वा.

आणि साइझ. हा हिशोब कुणालाही जमेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चंद्राचा व्यास साधारण ३४७४ किमी आणि अंतर सरासरी ३,८४,४०० किमी, म्हणजे अंतर व्यासाच्या ११० पट. त्यामुळे लेन्स जितक्या एमएमची (म्हणजे तिची फोकल लेंग्थ) असेल त्याला ११० ने भागायचं, की सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात जिथे चित्र उमटतं त्या चिपवर, चंद्र केवढा उमटणार ते कळतं. आकाशगंगेची कमान एका फ्रेममध्ये मावायला १६ एमएमसारखी वाइड लेन्स लागते, तिच्यावर चंद्र येतो जेमतेम ०.१५ मिमी, आणि फुल फ्रेम सेन्सरची रुंदी असते ३६ मिमी. म्हणजे तीन फूट रुंद प्रिंटवर चंद्र चार मिलिमीटरसुद्धा भरत नाही. माझ्या प्रिंटवर तो तळहाताएवढा आहे. आता कुणी म्हणेल की मोठ्या चंद्राचे खरे फोटो असतात की, तर हो, असतात, ६०० एमएमची लेन्स लावून काही किलोमीटर लांबून एखाद्या मनोऱ्याच्या मागे चंद्र पकडतात आणि तो खरोखर अवाढव्य दिसतो. पण मग त्या फ्रेममध्ये आकाशगंगेची कमान मावत नाही. दोन्ही एकदम नाही मिळत.

हे सगळं विक्रेत्याला लिहून पाठवलं तर त्याने काय पाठवावं? एआय ओळखणाऱ्या कुठल्याशा साइटचा स्क्रीनशॉट, ‘एआय नाही’ असा हिरवा शिक्का मारलेला. आणि गंमत म्हणजे शिक्का बरोबर असणार! डोंगर खराच कॅमेऱ्याने काढलेला, चंद्रही कॅमेऱ्यानेच काढलेला, फक्त एका जागी एका वेळी नाही. त्या साइटला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे. शिवाय असल्या साइट्स खऱ्याला खोटं आणि खोट्याला खरं सर्रास म्हणतात, त्यांच्यावर पैसे लावू नका.

मग मी रिव्हर्स इमेज सर्च केला, म्हणजे फोटोच टाकून तो नेटवर आणखी कुठे आहे ते शोधलं. पूर्ण फोटो टाकला तर त्याच्याच जाहिराती आल्या. नुसता डोंगर कापून टाकला, काही नाही. डोंगर आरशातल्यासारखा डावा-उजवा फिरवून टाकला आणि लागलीच फुकट फोटोंच्या एका साइटवर तोच डोंगर, तेच तळं, भर दुपारच्या उन्हात. तळ्यातला एक वाकडा दगडसुद्धा तोच. ही युक्ती बऱ्याच जणांना माहीत नसते: तुकडे करून शोधा आणि फिरवून शोधा.

यावर त्याचं उत्तर आलं, ‘एडिटिंग सगळेच करतात सर, हे आर्ट आहे’. अरे मग ‘नो एडिटिंग’ का लिहिलंस? आर्ट म्हणून विकला असतास तर माझं काही म्हणणंच नव्हतं.

मी ओरिजिनल रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघालेली मूळ, काहीही न बदललेली फाइल) मागितली तर हार्ड डिस्क क्रॅश झालेली होती (यांची नेमकी तेव्हाच होते). पण नुसती रॉ मागून भागत नाही, त्या क्लिकच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम मागायच्या. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ स्पर्धेत २०१७ ला रात्री वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊचा एक फोटो बक्षीस घेऊन गेला होता, २०१८ मध्ये तो बाद झाला, कारण तज्ज्ञांच्या मते तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला होता. फोटोग्राफरने आरोप नाकारला, आधीनंतरच्या फ्रेमही दिल्या, पण मुंगीखाऊ असलेली दुसरी एकही फ्रेम त्याच्याकडे निघाली नाही. खोटेपणा कॅमेऱ्यासमोरच असेल तर पिक्सेल तपासून काय हाती लागणार? १९१७ मध्ये इंग्लंडात कॉटिंगलीच्या दोन मुलींनी पुठ्ठ्याच्या पऱ्या टोपीच्या पिनांनी उभ्या करून फोटो काढले, शेरलॉक होम्स लिहिणारा आर्थर कॉनन डॉइलसारखा माणूस त्यावर विश्वास ठेवून बसला आणि कबुली यायला १९८० चं दशक उजाडलं. निगेटिव्ह तपासणाऱ्यांनी निगेटिव्हमध्ये छेडछाड नाही असं सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं.

उलटं टोकही वाईट, विचित्र दिसलं की लगेच ‘फोटोशॉप’ म्हणून मोकळं व्हायचं. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१० च्या पुरानंतर झाडंच्या झाडं कोळ्यांच्या जाळ्यांनी गुंडाळलेली होती, ते फोटो खरे आहेत. ढगांच्या थराला पडलेलं गोल भोक खरं असतं. २०२४ मध्ये तर एकाने फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो स्पर्धेच्या एआय गटात पाठवला, पक्ष्याला डोकंच नाही असं वाटतं, कारण ते पोट खाजवायला खाली वळवलेलं. परीक्षकांनी त्याला बक्षीस दिलं, मग खरा असल्याचं कळल्यावर बाद केलं! इंद्रधनुष्याचे फोटो विकत घेणारे असाल तर सूर्य आणि इंद्रधनुष्य शेजारी-शेजारी दिसले की थांबा, ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असतं, आणि दुहेरी असेल तर बाहेरच्याचे रंग उलट्या क्रमाने हवेत. कॉपी-पेस्ट करणारे हे हमखास विसरतात.

पैशाचं म्हणाल तर रिफंडला नकार मिळाला, ‘पॅकिंग फोडलंय’ म्हणून. पॅकिंग न फोडता प्रिंट बघायची कशी हे त्याने सांगितलं नाही. नंतर मला ब्लॉक केलं आणि जाहिरातीतलं ‘नो एडिटिंग’ काढून तिथे ‘डिजिटल आर्टवर्क’ असं लिहिलं, जणू पहिल्यापासून तेच होतं. माझ्याकडे ऑर्डर करतानाचा स्क्रीनशॉट होता म्हणून पेमेंट कंपनीने तक्रार तरी नोंदवून घेतली, निकाल अजून लागायचाय. कुणी हीच प्रिंट घेतली असेल तर ऑर्डरच्या ईमेलमध्ये प्रॉडक्टचं जुनं नाव असतं, त्यात ‘सिंगल शॉट’ हे शब्द अजून आहेत, तो ईमेल डिलीट करू नका आणि तक्रारीला तोच जोडा.