मेघराज सूचीतील क्लाउड सेवा : एका नगरपरिषदेच्या वापरानंतरचे परीक्षण

केंद्र सरकारच्या ‘मेघराज’ उपक्रमात सूचीबद्ध असलेल्या एका खासगी पुरवठादाराची क्लाउड सेवा (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर आणि साठवण) आमच्या नगरपरिषदेने मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि परवान्यांच्या प्रणालीसाठी घेतली आहे. पुरवठादाराचे नाव मी येथे देत नाही, कारण आलेल्या बहुतेक अडचणी दुसऱ्या कोणाची सेवा घेतली असती तरी आल्याच असत्या.

तांत्रिकदृष्ट्या सेवा उत्तम आहे. पूर्वी सर्व्हर कार्यालयातल्याच एका खोलीत होता आणि वीज जाऊन यूपीएसही उतरला की करवसुलीची खिडकी बंद ठेवावी लागे; तो त्रास संपला. सूचीत येण्यापूर्वी पुरवठादाराची एसटीक्यूसीकडून (माहिती-तंत्रज्ञानाची गुणवत्ता तपासणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडून) तपासणी होते आणि माहिती भारतातच ठेवण्याचे बंधन त्याच्यावर असते. एवढी पडताळणी लहान नगरपरिषदेला स्वतःच्या बळावर कधीच करता आली नसती, म्हणून ही सूची मला फार मोलाची वाटते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा राष्ट्रीय क्लाउड २०१४ मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडचे (अनेक ग्राहकांना सामायिक सेवा देणाऱ्या पुरवठादारांच्या क्लाउडचे) धोरण जाहीर केले. धोरणाची उणीव नाही. गाडी अडते ती लेखा शाखेच्या टेबलावर.

क्लाउडचा मुख्य लाभ असा सांगितला जातो की जेवढा वापर तेवढेच पैसे. करभरणा मार्च महिन्यात एकदम वाढतो, त्या काळात क्षमता वाढवावी आणि एप्रिलमध्ये ती कमी करावी, हे तंत्रज्ञानाला सहज शक्य आहे. आपली खर्चमंजुरीची पद्धत मात्र ठरावीक वस्तू, ठरावीक दर आणि ठरावीक रक्कम गृहीत धरते. एखाद्या महिन्याचे देयक मंजूर रकमेच्या वर गेले, तर वाढीव खर्चाची टिपणी पुन्हा स्थायी समितीपर्यंत न्यावी लागते, आणि तोपर्यंत मार्च उलटून गेलेला असतो. हा धोका टाळण्यासाठी आम्ही मार्चच्या गर्दीला पुरेल एवढी क्षमता वर्षभरासाठी घेतली. परिणामी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बहुतांश क्षमता पडून राहते आणि तिचे भाडे मात्र भरावे लागते. ज्या कारणासाठी क्लाउड स्वस्त पडायला हवा, तेच कारण आमच्यापुरते निकामी झाले आहे. वार्षिक कमाल मर्यादा एकदाच मंजूर करून तिच्या आत मासिक चढ-उतार करण्याची मुभा मुख्याधिकाऱ्यांना दिली, तर हा प्रश्न बराच सुटेल असे माझे स्पष्ट मत आहे.

लेखापरीक्षणातही हीच अडचण वेगळ्या रूपात समोर येते. सर्व्हर विकत घेतला की तो जडवस्तू नोंदवहीत चढतो, त्याला क्रमांक मिळतो आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला तो दाखवता येतो. क्लाउडच्या देयकात मात्र तासांचे, साठवणुकीचे आणि माहितीच्या वाहतुकीचे आकडे असतात. ते खरे आहेत असे प्रमाणित करणाऱ्या लिपिकाला त्यांचा अर्थ कोणी शिकवलेला नसतो, आणि तरीही सही त्यालाच करावी लागते. पुरवठादाराने प्रशिक्षण दिले, पण ते संगणक कक्षाला. लेखा शाखेचा त्यात विचारच नव्हता. या एका बाबतीत मी सेवेला कमी गुण देतो.

जबाबदारीची विभागणी करारात स्पष्ट आहे, कार्यालयात नाही. यंत्रसामग्री पुरवठादाराची, सॉफ्टवेअर ते विकसित करणाऱ्या संस्थेचे, आणि वापरकर्त्यांची खाती व पासवर्ड आमचे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते. शनिवारी रात्री तसे काही घडले तर कोणी कोणाला फोन करायचा, याचा लेखी आदेश आम्ही आग्रह धरून काढून घेतला. प्रत्येक कार्यालयाने तो काढलाच पाहिजे.

सर्वांत घातक गैरसमज बॅकअपविषयीचा, म्हणजे माहितीच्या राखीव प्रतीविषयीचा आहे: माहिती क्लाउडवर गेली की ती आपोआप सुरक्षित झाली, असे मानले जाते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य कागदी फायली जळाल्या, आणि माहिती संगणकावर आणण्याची निकड तेव्हापासून अधिकच जाणवू लागली. परंतु २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला आग लागली, तेव्हा सहाशेहून अधिक प्रणाली बंद पडल्या आणि अधिकाऱ्यांच्या कामकाजाच्या फायली ठेवणाऱ्या सरकारी क्लाउडमधील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची दुसरी प्रत अन्यत्र ठेवलेलीच नव्हती. तंत्रज्ञानात इतक्या पुढे असलेल्या देशात हे घडले, हे आपल्याकडच्या प्रत्येक विभागप्रमुखाने गांभीर्याने घ्यावे. आमच्या मूळ दरपत्रकात वेगळ्या शहरातील प्रत ही ऐच्छिक, जादा दराची बाब होती. काटकसर म्हणून ती वगळण्याची सूचनाही बैठकीत आली होती, पण ती मान्य झाली नाही. त्या प्रतीवरून प्रणाली पुन्हा उभी करण्याची चाचणी वेळोवेळी घेतली जाते आणि पुरवठादार त्यात मनापासून सहकार्य करतो, हे नमूद करायला हवे.

ही सेवा घेण्याची शिफारस मी अवश्य करतो, मात्र करारातील बाहेर पडण्याचे कलम आधी वाचून. आमच्या करारात मुदत संपल्यावर सर्व माहिती परत देण्याची हमी आहे, पण ती कोणत्या स्वरूपात द्यायची आणि उतरवून घेण्याचा खर्च कोणी सोसायचा, याचा उल्लेख नाही. नूतनीकरणाच्या प्रस्तावात हे दोन्ही मुद्दे मी लेखी घातले आहेत.