मॉर्फिनच्या गोळ्या खाडीपलीकडे मिळाल्या: एका वेदनाशमन ओपीडीचा अनुभव

अण्णांचा प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं वेदनाशामक, सुरू करून त्यांना घरी, गुहागरला पाठवलं. दहा दिवसांच्या गोळ्या संपत आल्या तशी चिठ्ठी घेऊन मी तीन मेडिकल फिरलो. एकाने तर चिठ्ठी हातातसुद्धा घेतली नाही. "नार्कोटिक आहे, आम्ही ठेवत नाही." त्या रात्री अण्णांना कूस बदलता येत नव्हती. त्यांचं कण्हणं शेजारच्या आगरात ऐकू जात होतं.

मग कुणीतरी खाडीपलीकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातली ही ओपीडी सांगितली. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरायचं, पुढे रिक्षा.

खोली लहान, पण डॉक्टरांनी पाऊण तास दिला. दर चार तासांनी दहा मिलिग्रॅम, झोपताना दुप्पट म्हणजे मध्यरात्री उठवायला नको, आणि सोबत पोट साफ व्हायची गोळी न चुकता. हे सगळं त्यांनी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. अण्णांनी विचारलं, "या वयात मला अफूची सवय लावता काय?" डॉक्टर हसले नाहीत. वेदनेवर मोजून दिलेला डोस आणि व्यसन यांतला फरक त्यांनी शांतपणे समजावला.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णा माजघरात जाऊन बसले आणि आंब्याची आढी स्वतः चाळली. एकेका हापूसच्या देठाशी अंगठा टेकवून, तयार फळं वेगळी काढून. दोन महिन्यांत त्यांनी आंब्याला हात लावला नव्हता.

गोळ्या डबल कुलपाच्या कपाटात असतात. सिस्टर मोजून देतात, वहीत लिहितात, सही घेतात. पुढच्या खेपेला रिकाम्या स्ट्रिपा परत न्यायच्या. या शिस्तीचा मला एकदाही जाच वाटला नाही. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. नीमच आणि गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने आहेत, औषधासाठी कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत, आणि आमच्या बाजारपेठेत एक स्ट्रिप मिळत नाही. अमली पदार्थांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की वेदनाशमनासाठी ही औषधं अपरिहार्य आहेत. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मात्र हॉस्पिटलांना चार-पाच परवाने गोळा करावे लागत, म्हणून बहुतेकांनी नादच सोडला. २०१४ च्या दुरुस्तीने ते एका मंजुरीवर आणलं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थांवर खास अधिवेशन झालं, त्याच्या ठरावात औषधांच्या उपलब्धतेला स्वतंत्र प्रकरण मिळालं. गांजा कायदेशीर करावा का, शिक्षा की उपचार, यावर देशांनी खुशाल भांडावं. पण अण्णांसारख्यांच्या गोळीवर कुणाचंच दुमत नाही, मग ती तालुक्याला का पोचत नाही?

उणिवा आहेत. ओपीडी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंखा नाही, आडवं पडायला बाक नाही. मणक्याच्या पेशंटला तिथे तासभर बसवणं क्रूर आहे. पाचनंतर फोन कुणी उचलत नाही. पावसात फेरी बंद राहील या धास्तीने मी आठवडाभर आधीच गोळ्या आणायचो, आणि त्यांनी तेवढं समजून घेतलं.

गणपती गेले त्याच आठवड्यात अण्णा गेले, झोपेत. अकरा गोळ्या उरल्या होत्या. दिवस झाल्यावर मी त्या परत नेऊन दिल्या. सिस्टरनी मोजल्या, वहीत लिहिल्या, सही घेतली आणि चहा दिला.