नऊ महिने गळ्यात डोक्रा: वजन, घाम आणि 'मोडीला किती येईल?'

गेल्या नोव्हेंबरात धुळ्याच्या एका हस्तकला प्रदर्शनातून हा डोक्रा, म्हणजे मेणाच्या साच्यातून ओतलेल्या पितळेचा, हार घेतला. तळहाताएवढं पितळी पदक, त्यावर हत्ती, खाली नऊ घुंगरं, वर लाल सुती दोरी. 1,400 रुपये. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तर 190 ग्रॅम भरला. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "हाई काय शे वं माय, बैलनं घुंगरू?"

आम्ही जळगावकर. दागिना दिसला की आधी विचारणार, मोडीला किती येईल? याची मोड म्हणजे भंगारातल्या पितळेचा भाव, बस. हे ज्यांना पटणार नाही त्यांनी पुढे वाचू नका. शहाद्याच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या पावरा आदिवासी आजींनी पदक हातावर तोलून बघितलं. "वजन चांगलंय, पण चांदीत का नाही घेतलं?" त्यांच्या गळ्यात चांदीच होती, तीही भरघोस. मला उत्तर सुचलं नाही.

मला मुळात भुरळ पडली ती त्याच्या अंगावरच्या रेघांची. डोक्रा करताना बस्तरचे घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाच्या शेवयांसारख्या तारा गुंडाळतात, वरून पुन्हा माती लिंपतात. भाजल्यावर मेण वितळून जातं, त्या पोकळीत पितळ ओततात आणि शेवटी साचा फोडतात. म्हणून एकासारखा दुसरा नग निघत नाही. माझ्या हत्तीच्या सोंडेवर एक तार जराशी सरकली आहे. ओतायच्या आधी कुणाचं तरी बोट लागलं असणार. सहावीला हडप्पा संस्कृती शिकवताना हारच वर्गात फिरवला. मोहेंजोदडोची नर्तकी याच मेणाच्या पद्धतीने ओतलेली आहे, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचेसुद्धा पुढे आले.

आता तक्रारी. पहिली दोरीची. डिसेंबरातच तिचा लाल रंग माझ्या पांढऱ्या ब्लाउजवर उतरला. विक्रेत्याला फोटो पाठवला, त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं, विषय संपला. शेवटी सराफ बाजारात पोत गाठवणाऱ्या पटवेकरी काकांकडून काळ्या रेशमी गोफात गाठवून घेतला, 150 रुपयांत. तो गोफ अजून जसाच्या तसा आहे. नवीन घेणाऱ्यांनी हे पहिल्या आठवड्यातच करून टाकावं.

दुसरी घामाची. मार्चपासून मानेवर हिरवा पट्टा उमटू लागला. पितळेत तांबं असतं, घामातल्या क्षारांनी ते हिरवं पडतं. साबणाने धुतलं की जातं. पुरळ मात्र आलं नाही. आधीच्या 'जर्मन सिल्व्हर'च्या हाराने मानेची आग केली होती. नाव सिल्व्हर, पण त्यात चांदी अजिबात नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि निकेल अनेकांना सोसत नाही. पदकाच्या मागे पारदर्शक नेलपॉलिश लावायचा सल्ला मिळाला होता. लावलं, तीन आठवड्यांत पापुद्रे निघाले. आता बंद गळ्याच्या ब्लाउजवरच घालते. मे महिन्यात दुपारी स्कूटीवर तर हा हार घालूच नका. पारा 44 वर गेला की पितळ तापतं आणि सिग्नलला गळ्याशी चटका बसतो.

सगळ्यात मोठी चूक माझीच. गुढीपाडव्याला देवाची भांडी घासताना त्याच चिंच-मिठाने हारही घासला. लखलखला, पण रेघांमधला काळसर रंग गेला आणि हत्ती समईच्या दुकानातला वाटू लागला. पावसाळी हवेत आता कुठे पुन्हा काळवंडतोय. नुसत्या कोरड्या सुती फडक्याने पुसा, खोबणीत जुना दात घासायचा ब्रश फिरवा. एवढं पुरतं.

नऊपैकी एक घुंगरू रिक्षात पडलं. बाकीच्यांच्या कड्या घरीच पकडीने दाबून घेतल्या. आता वह्या तपासायला वाकले की पदक बाकावर टणकन् वाजतं आणि पोरांना मान वर न करता कळतं, बाई आल्या. नक्कल करणारे सावध होतात, एवढाच तोटा.