स्वतः बांधलेला व्हॉल्व्हचा ट्रेमोलो : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये गिटारसाठीचा हा ट्रेमोलोचा डबा बांधून पुरा केला आणि तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात तो माझ्या पायाशी आहे. आत दोन ईसीसी८३ व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या), बाहेर अॅल्युमिनियमचा पत्रा, पुढे स्पीड, डेप्थ आणि व्हॉल्यूम असे तीन नॉब. वजन अडीच किलोच्या आसपास. ट्रेमोलो, म्हणजे आवाज लाटेसारखा लहान-मोठा करणं, याशिवाय तो दुसरं काहीही करत नाही. दहा महिन्यांत दोनदा उघडावा लागला, ते दोन्ही प्रसंग खाली सविस्तर लिहिते, कारण बांधायला बसणाऱ्याला त्यांचाच जास्त उपयोग होईल.

आधी नावाचा घोळ. दरबारी रागातला गंधार आंदोलित होतो तेव्हा स्वरच वरखाली होतो. ट्रेमोलोत स्वर जागचा हलत नाही, फक्त आवाज लहान-मोठा होत राहतो. फेंडर या अमेरिकन कंपनीने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर स्वर हलवणारी दांडी बसवली आणि तिला ट्रेमोलो म्हटलं. पुढे अॅम्पमधल्या (गिटारच्या अॅम्प्लिफायरमधल्या) खऱ्या ट्रेमोलोवर त्यांनीच व्हायब्रेटो असं छापलं. तेव्हापासून दोन्ही शब्द उलटसुलट वापरले जातात. मी बोलतेय ते आवाजाच्या लाटेबद्दल.

माझ्या अॅम्पमध्ये ही सोय नाही आणि कार्यक्रमात तर आयोजक देतील तो अॅम्प. म्हणून वेगळा डबा हवा होता. बाजारातली तयार ट्रेमोलो पेडल वापरून पाहिली होती. लाट नीट येते, पण प्रत्येक लाट कात्रीने कापल्यासारखी एकसारखी. जुन्या अॅम्पमध्ये आवाज चटकन खाली जातो आणि रेंगाळत वर येतो, ते मला हवं होतं.

पहिले दोन आठवडे चुकीच्या वाटेवर गेले. बायस म्हणजे व्हॉल्व्ह किती वाहील ते ठरवणारं स्थिर व्होल्टेज; ते हलवून केलेल्या बायस ट्रेमोलोचं गिटारवाल्यांमध्ये फार कौतुक आहे आणि ते योग्यच आहे. फेंडरच्या प्रिन्स्टन रिव्हर्ब अॅम्पमध्ये ऑसिलेटरची (लाट तयार करणाऱ्या सर्किटची) लाट थेट स्पीकर चालवणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हच्या बायसवर सोडलेली असते, आणि ते व्हॉल्व्ह जणू श्वास घेत वाजतात. मीही तेच करायला गेले : डब्यातल्या पहिल्या ट्रायोडचा (व्हॉल्व्हमधल्या सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा) बायस ऑसिलेटरने हलवला. लाट आली, पण तिच्याबरोबर प्रत्येक फेरीला धप्प, धप्प असा दणका. गिटारला हातही लावला नव्हता, तरी अॅम्पच्या स्पीकरचा कागद डोळ्यांना दिसेल इतका आतबाहेर होत होता. सिग्नल पुढे सोडणारा कपलिंग कॅपॅसिटर लहान केला तर दणका कमी झाला, पण गिटारची खालची तारही पातळ झाली.

कारण कळायला वेळ लागला. अॅम्पमध्ये दोन पॉवर व्हॉल्व्ह समोरासमोर ओढत असतात. बायसची संथ लाट दोघांवर एकाच दिशेने पडते आणि स्पीकरच्या आधीच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ती स्वतःलाच खोडून काढते. उरतो फक्त गिटारचा आवाज, लहान-मोठा होणारा. माझ्या डब्यात एकटा ट्रायोड. खोडायला जोडीदारच नाही, मग ती लाट सिग्नलवर बसून थेट अॅम्पमध्ये जाणारच. वेगळा डबा बांधायचा असेल तर बायसच्या मागे लागू नका, असं मी आता ठामपणे सांगेन.

म्हणून प्रकाशाची पद्धत धरली. १९६० च्या दशकातल्या फेंडरच्या डिलक्स रिव्हर्ब आणि ट्विन रिव्हर्ब या अॅम्पमध्ये हीच आहे. ऑसिलेटर एक छोटा निऑन दिवा लुकलुकवतो, दिव्यासमोर एलडीआर (उजेडात रोध कमी होणारा रेझिस्टर) असतो, आणि उजेड पडला की एलडीआर सिग्नलचा काही भाग जमिनीकडे, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडकडे, वळवतो. गिटारचा सिग्नल आणि ऑसिलेटर यांच्यात फक्त प्रकाशाचा संबंध, त्यामुळे दणका नाही. शिवाय मला हवी असलेली लाट इथे आपोआप मिळते. निऑन हळूहळू उजळत नाही, ठरावीक व्होल्टेज गाठलं की एकदम पेटतो. एलडीआर उजेडाला लगेच दाद देतो, पण अंधारात परत यायला वेळ घेतो. तोच तो रेंगाळत वर येणारा आवाज.

निऑन म्हणजे आपल्या स्विचबोर्डवरच्या लाल इंडिकेटरमधला दिवा. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तो काही रुपयांत मिळाला, एलडीआरही तसाच. दोन्ही समोरासमोर ठेवून काळ्या हीट श्रिंक नळीत (गरम केली की आवळते ती) घातले. व्हॉल्व्ह मात्र नवे आणि महागच. एकूण खर्च साडेआठ हजारांच्या घरात गेला, त्यातला निम्मा व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मरवर.

व्हॉल्व्हला लागणाऱ्या हाय व्होल्टेजसाठी खास ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला नाही. २३० चे १२ व्होल्ट करणारे दोन साधे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडले. मधल्या १२ व्होल्टवर व्हॉल्व्हचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) चालतात आणि दुसरा, उलटा जोडलेला ट्रान्सफॉर्मर तेच १२ परत वर चढवतो. गळती धरून डीसी साधारण २६० व्होल्ट मिळतं आणि मेन्सपासून डबा वेगळाही राहतो. आमच्या शेजारी एक काका आहेत, त्यांनी तरुणपणी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेत. पहिल्यांदा चालू करताना ते मुद्दाम येऊन बसले. मी मीटर घेऊन वाकले तर म्हणाले, "अगं, डावा हात पाठीमागे घे आधी. दोन्ही हात आत घालायचे नाहीत कधी." दोन्ही हात आत असले तर झटका एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जातो. तेव्हापासून ती सवयच लागली आहे. साठलेली वीज उतरावी म्हणून फिल्टर कॅपॅसिटरवर २२० किलोओहमचा रेझिस्टर कायमचा जोडलाय, तरी बंद केल्यावर मिनिटभर थांबून मीटरने मोजल्याशिवाय मी आत बोट घालत नाही. पत्र्याला अर्थिंग आहेच. ते नसेल तर हा डबा बांधूच नका.

आता वापराबद्दल.

जुलैत पहिला बिघाड झाला. स्पीड कमी केला की लाट हळूहळू मरायची. ऑसिलेटर हा तीन रेझिस्टर-कॅपॅसिटरच्या पायऱ्यांचा आहे : १ मेगाओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड अशा तीन सारख्या पायऱ्या घेतल्या तर सेकंदाला साडेसहा लाटा येतात. पण या पायऱ्यांमध्ये सिग्नल इतका झिजतो की व्हॉल्व्हने तो किमान २९ पट वाढवला नाही तर ऑसिलेटर टिकत नाही. ईसीसी८३ पन्नासच्या वर सहज देतो, पण ही वाढ टिकवणारा कॅथोडचा बायपास कॅपॅसिटर नीट असेल तरच. मी तो खोक्यात पडलेला जुना लावला होता. तो सुकलेला निघाला, म्हणजे व्हॉल्व्ह कसाबसा काठावर चालत होता. नवा २५ मायक्रोफॅरडचा लावला, शिवाय टॅगबोर्डवर (भाग जोडायच्या पट्टीवर) राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स पुसून काढला. मेगाओहमच्या सर्किटला पावसाळ्यातली ओल धरणारा फ्लक्स चालत नाही. त्यानंतर आजतागायत लाट मेलेली नाही. सर्वांत संथ धरलं तर दहा सेकंदांत तीस लाटा मोजल्या, सर्वांत जलद नव्वदच्या आसपास.

गणपतीत एका मंडळाच्या मांडवात जनरेटरवर वाजवलं. व्होल्टेज पडलं की निऑन मंद पेटतो आणि डेप्थ कमी होते, स्पीड मात्र बदलत नाही. नॉब थोडा पुढे सरकवून काम भागलं.

दुसरा बिघाड दिवाळी पहाटेचा. कार्यक्रम साडेपाचला सुरू झाला, अंधार होता, सगळं छान. सातनंतर जाणवायला लागलं की गिटार मागे पडतेय. व्हॉल्यूम वाढवला, दहा मिनिटांत पुन्हा तेच. साउंडवाल्याला वाटलं केबल गेली. मी खाली पाहिलं तर कोवळं ऊन मंचावर तिरपं आलं होतं आणि डब्याच्या बाजूला हवेसाठी पाडलेल्या भोकांतून ठिपक्या-ठिपक्यांनी आत शिरत होतं. काळ्या नळीची दोन्ही टोकं मी उघडी ठेवली होती. एलडीआरला उजेड तो उजेड, निऑनचा काय आणि सूर्याचा काय! जसजसं ऊन चढलं तसतसा तो सिग्नल जमिनीत सोडत गेला. व्हॉल्व्हचा गरम पत्रा झाकायची हिंमत नव्हती, म्हणून वहीचा पुठ्ठा दोन विती अंतरावर उन्हाच्या आड उभा केला आणि आवाज जागेवर आला. घरी आल्यावर नळीची टोकं काळ्या सिलिकॉनने बंद केली. बांधणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावं.

आवाजाबद्दल सांगायचं तर ट्रेमोलो बंद असतानाही मी डबा सिग्नलमधून काढत नाही. व्हॉल्व्हच्या एका टप्प्यातून गेल्यावर साध्या ट्रान्झिस्टर अॅम्पवरही तारांना अंग येतं. जुन्या मराठी भावगीतांच्या अंतऱ्यामागे लांब कॉर्ड धरून ठेवायचे असतात, तिथे संथ लाट आणि अर्ध्याच्या आत डेप्थ, एवढंच लावते. मिनिटाला नव्वदच्या लयीत प्रत्येक मात्रेला दोन लाटा म्हणजे सेकंदाला तीन. माझा डबा सर्वांत संथ तेवढाच जातो, म्हणून त्याहून सावकाश गाण्यांना तो कमी पडतो. टॅप टेंपो (ठोके देऊन वेग ठरवायची सोय) नाही, लय कानानेच जुळवावी लागते.

एक दोष मात्र काढता आलेला नाही. फूटस्विच ऑसिलेटर थांबवतो, आणि पुन्हा सुरू केला की लाट भरायला सेकंद-दीड सेकंद लागतो. ध्रुवपदावर पाय दाबला तर पहिली ओळ कोरडीच जाते. म्हणून मी आता मुखड्याच्या आधीच्या तिहाईवरच पाय ठेवते. गायक समेवर येईपर्यंत लाट भरलेली असते.